लाल कोबा आणि गुंडूचे पाय

अवरेकाई बाजारात आली की मला घरात बसवत नाही.

डिसेंबर लागला की एचएसआर लेआउटमधल्या आमच्या कोपऱ्यावर एक बाई गोणपाट अंथरून त्या शेंगांचा ढीग मांडते. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण इथल्या लोकांचा त्याच्यावर जेवढा जीव आहे तेवढा आपण आंबा सोडून कशाला लावलेला नाही. रात्रीचं दव प्यालेली शेंग हातात घेतली की बोटं चिकट होतात आणि एक उग्र, तेलकट, हिरवागार वास नाकात शिरतो. त्याला कन्नडमध्ये सोगडू म्हणतात. सोगडू नसेल तर इथली बाई शेंग हुंगून परत ढिगात टाकते. माझं उलटं होतं. तो वास आला की मी शेंगा न घेताच चालू लागतो. दोन चौक चालून झाल्यावर लक्षात येतं की आपल्याला कुठंच जायचं नव्हतं. रिकामी पिशवी घेऊन परत येतो तेव्हा बायको म्हणते, "तुला हा महिना बाधतो." तिचं बरोबर आहे. फक्त बाधणारा महिना हा नव्हे; तो नव्वदीच्या दशकातला आहे, आणि त्याला लागून आलेला जानेवारी त्याहून वाईट आहे.

तेव्हा मी पंचविशीत होतो. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलो होतो आणि इंदिरानगरमध्ये नाना आणि अक्का या नवरा-बायकोच्या घरी गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. इंदिरानगर तेव्हा झाडांचं होतं. दुपारी रस्त्यावर एखादी सायकल गेली तरी तिची घंटी तीन घरं ऐकायची. नाना सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दोघं मूळची निपाणीकडची, पण घराणं तीन पिढ्या इथं मुरलेलं. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड कधी आलं हे त्यांना कळायचंही नाही. कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती. पासपोर्ट व्हिसासाठी गेला होता, हातातलं काम संपलं होतं, आणि "फोन कधीही येईल, घरीच थांबा" असा निरोप होता. घरात फोन एकच, खाली अक्कांच्या हॉलमध्ये. दिवसातून वीस वेळा मी जिना उतरायचो. माझी आई मला लहानपणापासून "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" म्हणत आली होती. त्या हिवाळ्यात ते बाशिंग मी दिवसरात्र बांधून हिंडत होतो.

"कूत्को की जरा, पुणेकर," नाना म्हणायचे. "तुझ्याकडं बघून मला धाप लागते."

मी बसायचो आणि मिनिटभरात उठायचो.

त्या घरात अभिमानाच्या दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे जमीन. जुन्या बंगळूरच्या घरांत असायचा तसा लाल कोबा होता, पण अक्कांचा लाल कोबा वेगळाच. दर शुक्रवारी त्या पदर खोचून गुडघ्यावर बसायच्या. नारळाच्या काथ्याचा बोळा, त्यावर खोबरेल तेलाचे चार थेंब, आणि गोल गोल गोल. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूनं बोळा हातात दिला होता आणि सांगितलं होतं की जमिनीत तोंड दिसलं पाहिजे. तेव्हापासून तीसेक वर्षं एक शुक्रवार चुकला नव्हता. पाहुणे चपला बाहेर काढून आत आले की आधी खाली बघायचे, आणि अक्का त्यांच्याकडं बघायच्या.

दुसरी गोष्ट गुंडू. तेरा वर्षांचा कुत्रा, अर्धा अल्सेशियन आणि अर्धा गल्लीतला. नानांची मुलं परदेशी गेल्यावर घरात आवाज राहिला होता तो याचाच. मी राहायला आलो तेव्हा तो फाटकापर्यंत धावत आला होता. त्या वर्षी थंडी पडली आणि त्याचे मागचे पाय गेले. सकाळी पुढचे दोन पाय रोवून अंग उचलायचा, मागचे दोन मात्र लाल आरशावरून दोन दिशांना सरकत जायचे, आणि धप्पकन बसायचा. मग आपण मुद्दामच बसलो असं दाखवत इकडं तिकडं बघायचा. त्याचं ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. खुब्याचे सांधे झिजलेत म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. जाताना फाटकापाशी थांबून नानांना सांगितलं, "संक्रांतीपर्यंत वाट बघू. स्वतःच्या पायांनी उठायला लागला तर ठीक. नाहीतर नुसतं पडून राहून हाल होतील त्याचे, मग इंजेक्शनचा विचार करावा लागेल." नानांनी मान हलवली. आत आले आणि कॅलेंडरसमोर उभे राहिले. चहा निवून गेला तरी तिथंच होते.

शैलजा मॅडमना नानांनीच बोलावलं. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. हॉस्पिटलात माणसांना व्यायाम शिकवायच्या. आखडलेला नानांचा खांदा त्यांनीच सोडवला होता. "कुत्र्याचं मी शिकलेली नाही," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "पण डॉक्टरांशी बोलून घेतलंय. सांधा तो सांधा." चपला काढून आत आल्या, आणि गुंडूला हात लावायच्या आधी आपलंच पाऊल जमिनीवर दोनदा पुढंमागं घासून बघितलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "इथं मलाच चालायची भीती वाटते. यानं जोर कशावर लावायचा?"

तेरा वर्षं तो कुत्रा त्या जमिनीवर वावरत होता, आम्ही सगळे त्याचे पाय बघत होतो, पायांखाली कुणी बघितलंच नव्हतं. अक्का उठून आत गेल्या. मला वाटलं रुसल्या. थोड्या वेळानं तांदळाची रिकामी गोणपाटं घेऊन आल्या आणि गुंडूच्या खिडकीखालच्या कोपऱ्यापासून थेट व्हरांड्याच्या दारापर्यंत एकेक अंथरत गेल्या. आरशावर ठिगळं लागली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी बोळा घेतला तो फक्त देवाच्या फळीसमोर, पाटाएवढ्या जागेपुरता. एवढं तरी राहू दे म्हणाल्या.

मग गुंडूची शाळा सुरू झाली. सकाळी जाड मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधायचं आणि खुब्यांना शेकायचं. मग त्याला कुशीवर निजवून मागचा पाय हलकेच मागं ताणायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचा. मग पुढं. मग दुसरा पाय. दुपारी चार वाजता व्हरांड्यातल्या काथ्याच्या चटईवर उभं राहायचा सराव: नानांचा जुना पंचा पोटाखालून घालून दोन्ही टोकं वर धरायची, म्हणजे मागचं वजन आपल्या हातात आणि पाय त्याचे. रिकामटेकडा मीच होतो, तेव्हा काम माझ्याकडं आलं. आणि मोजणं म्हणजे माझी शिक्षा. एक-दोन-तीन-चार करत मी दहावर पोचायचो तेव्हा शैलजा मॅडमचे पाच झालेले असायचे.

"मेल्लगे," त्या म्हणायच्या. हळू. "तुम्हाला कुठं जायचंय?"

"अमेरिकेला," नाना परस्पर उत्तर द्यायचे.

मला आजही कळत नाही की एखाद्याचा पाय हातात धरून दहा अंक नुसतं थांबणं एवढं कठीण का असावं. हाताखाली त्याची नाडी लागायची. सांधा कुरकुरायचा ते बोटांना कळायचं. आणि मी मनात व्हिसा, विमान, थंडीचे कोट, फोन, फोन, फोन. गुंडू मान वळवून माझ्याकडं बघत राहायचा. त्याला कसलीच घाई नव्हती, आणि खरी मुदत तर त्याचीच होती.

रविवारी नानांच्या जुन्या फियाटमध्ये मागच्या सीटवर त्याला निजवून आम्ही येलहंकाकडं जायचो. नानांच्या एका मित्राचा तिथं द्राक्षांचा मळा होता आणि मळ्यात पंपाच्या पाण्याचा उथळ हौद. दुपारच्या उन्हात पाणी कोमट झालं की पोटाखाली पंचा घालून गुंडूला आत सोडायचं. जमिनीवर न हलणारे मागचे पाय पाण्यात चक्क वल्ही मारायला लागायचे. पहिल्यांदा ते बघून नाना हौदाच्या कठड्यावर खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले. दहाच मिनिटं. मग टॉवेलनं खसाखसा पुसून उन्हात निजवायचं. वरून हवाई दलाचं एखादं विमान घरघरत जायचं, गुंडू डोळे मिटून कान हलवायचा, आणि तेवढा वेळ, खरंच तेवढाच वेळ, मला फोनची आठवण यायची नाही.

नववर्षाच्या सुमाराला उसाच्या मोळ्या बाजारात आल्या. शैलजा मॅडमनी चार ऊस मागवले आणि अंगणात हात-हात अंतरावर आडवे मांडले. पंचा धरून त्यावरून चालवायचं, म्हणजे प्रत्येक पाऊल उचलावंच लागतं. गुंडू पहिल्या उसापाशी थांबला, हुंगला, विचार केला, आणि डावा मागचा पाय उचलून पलीकडं ठेवला. उजवा घासत गेला, पण गेला. "आयतु!" नाना ओरडले, झालं! संक्रांतीला अजून दोन आठवडे होते आणि त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं की जमलं.

आता तो शुक्रवार.

अक्कांनी गोणपाटं धुऊन गच्चीच्या कठड्यावर वाळत घातली होती. नाना पोस्टात गेले होते. अक्का मागच्या अंगणात भिजवलेल्या अवरेकाईचे दाणे चिमटीत दाबून सालं काढत बसल्या होत्या. सोगडूचा वास घरभर भरला होता. तीन वाजले होते. व्यायामाची वेळ चारची, जागा व्हरांड्यातली, आणि गुंडूला धरायला दोन माणसं हवीत, हे सगळं मला पाठ होतं. पण मला चारला बाहेर पडायचं होतं. कुठं, ते आता आठवतही नाही. म्हटलं, इथंच उरकून टाकू. हॉलमधल्या उघड्या कोब्यावर मी गुंडूच्या पोटाखाली पंचा घातला आणि त्याला एकट्यानं उचलून उभं केलं. तो थरथरत उभा राहिला. आणि फोन वाजला.

मी पंचा सोडला.

विचार करून सोडला नाही. हातच सुटले. तिसऱ्या घंटेला रिसीव्हर माझ्या कानाला होता आणि मागून तो आवाज आला, कुत्र्याच्या गळ्यातून मी तसला आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, गॅसचा सिलिंडर उद्या येईल.

अक्का धावत आल्या, बोटांना अवरेकाईची सालं चिकटलेली. गुंडू पाय फाकून पडला होता. त्याच्यापासून दोन हातांवर देवाच्या फळीसमोरची ती पाटाएवढी चकचकीत जागा होती, सकाळीच तेल दिलेली. अक्कांनी कुत्र्याकडं पाहिलं, जागेकडं पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो, माझं तेल! माझ्या तेलानं पाडलं की रे त्याला!"

मी रिसीव्हर हातात घेऊन उभा होतो. पंचाची दोन्ही टोकं गुंडूच्या दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती.

"फोन कुणाचा?" गुंडूच्या अंगावरून हात फिरवत त्यांनी विचारलं.

"गॅसचा," मी म्हटलं. त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खरं.

स्नायू दुखावला होता, हाड शाबूत होतं. पण गुंडू पुन्हा जमिनीला खिळला, आणि संक्रांत दहा दिवसांवर आली. सांगायचं मी रोज ठरवायचो. सकाळी ठरवायचो नाना चहा घेतील तेव्हा, आणि चहाला ठरवायचो जेवताना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारी ते पडलेलं असायचं. नाना तर चहाच्या कपावरून अक्कांना म्हणायचे, "तुझ्या आरशानं माझा गुंडू पाडला." मस्करीच करायचे, रागावून नाही. अक्का हसायच्या आणि आत निघून जायच्या. मी तिथंच बसलेला असायचो. देवासमोरच्या जागेलाही त्यांनी बोळा लावणं सोडून दिलं.

मी एवढंच केलं की मोजायला शिकलो. दहा म्हणजे दहा. पडल्यानंतर पहिल्यांदा त्याच्याजवळ गेलो तेव्हा वाटलं, आता हा गुरगुरेल, निदान अंग चोरून घेईल. खरं काय झालं हे माझ्याखेरीज त्यालाच माहीत होतं. गुंडूनं मान जमिनीवर टेकली, आणि नेहमीसारखा मागचा पाय सैल करून माझ्या हातात दिला. त्याऐवजी चावला असता तर मला बरं वाटलं असतं.

संक्रांतीला तो उठला नाही. अक्कांनी एळ्ळु-बेल्ला वाटलं, तीळगुळाचा इथला प्रकार, पण घरात कुणी ते नीट खाल्लं नाही. डॉक्टर आले. नानांनी हात जोडून आणखी पंधरा दिवस मागून घेतले. माझा व्हिसा त्याच आठवड्यात झाला. ज्या फोनसाठी दोन महिने जिना झिजवला तो आला तेव्हा मी गुंडूचा पाय धरून सातवर होतो. दहा मोजून मगच उठलो, तोवर नानांनी घेतला होता. एवढ्यानं काय भरपाई होते म्हणा.

आणि मग, मुदतीचे तीन-चार दिवस उरले असताना, हंगामाच्या शेवटच्या अवरेकाईचा ढीग घेऊन अक्का व्हरांड्याच्या दारात सोलायला बसल्या. शेंगांची टरफलं पळवणं हा गुंडूचा जुना धंदा. त्यानं नाक उचललं. पुढचे पाय रोवले. मागचे गोणपाटात रुतले, कापले, आणि सरकले नाहीत. "कुणी बोलू नका," नाना पुटपुटले. तो चार पायांवर उभा राहिला आणि गोणपाटावरून एकेक पाऊल टाकत अक्कांपर्यंत गेला. एक टरफल उचललं. अक्कांनी त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडता रडता म्हणाल्या, "तू मला माफ केलंस होय रे."

मी जिना चढून गच्चीवर गेलो. तेव्हा सांगायला हवं होतं. फेब्रुवारीत मी विमानात बसलो.

नानांची पत्रं यायची. गुंडू आणखी दोन हिवाळे जगला, ऊस ओलांडत फाटकापर्यंत जायचा, आणि एका सकाळी झोपेतच गेला. पत्रात कुठं ना कुठं "आमच्या सौभाग्यवतींचा आरसा" असायचाच. पुढं नाना गेल्याचं कळलं. मी परत भारतात आलो, या एचएसआरमध्ये राहायला आलो, सहा वर्षं झाली, आणि इथून इंदिरानगर काही चंद्रावर नाही. ट्रॅफिक फार असतो असं मी बायकोला सांगत आलो.

यंदा मात्र रिकामी पिशवी घेऊन चालता चालता मी रिक्षात बसलो.

गच्चीवर आता कसलंसं ऑफिस आहे. अक्का खालीच राहतात. पंच्याऐंशीच्या पुढं, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, हातात वॉकर. व्यायाम घ्यायला कुणी मुलगी येते म्हणाल्या, चांगली आहे, पण फार भराभर मोजते. मी खाली बघितलं. लाल कोबा विटेसारखा निस्तेज, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"अक्का, जमीन?"

"सोडलं की. गुंडू पडला त्यानंतर हातच नाही लावला."

मला बसवेना. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. मग उभ्याउभ्याच सांगितलं. "अक्का, तो तेलावरून घसरला नव्हता. मी पंचा सोडला. फोन वाजला म्हणून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "अमेरिकेचा?"

"नाही. गॅसचा."

त्यांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला, पण चेहरा हसला नाही. "हे जाईपर्यंत म्हणत होते, तुझ्या आरशानं पाडला. मस्करीच की. पण मी ऐकत होते."

"होय."

"तू पण तिथं बसून ऐकत होतास."

"होय, अक्का."

बाहेरून भाजीवाल्याची हाक आली, "अवरेकाई, अवरेकाई," आणि लांब गेली. अक्कांनी वॉकर थोडा पुढं सरकवला, थांबल्या. रागावतील, जा म्हणतील, असं वाटलं. तेही चाललं असतं.

"त्या कपाटात खालच्या फळीवर बोळा असेल बघ," त्या म्हणाल्या. "तेल स्वयंपाकघरात. तिकडं खिडकीखाली घास. गुंडूच्या कोपऱ्यात. तिथं आता कुणी चालत नाही."

मी खाली बसलो. माझेच गुडघे कटकटले. चार थेंब टाकले आणि घासायला लागलो.

"मेल्लगे," वरून आवाज आला.

हळू केलं. गोल, गोल. खिशातला फोन वाजायला लागला.

"तुझा वाजतोय."

"वाजू दे."

तो वाजून वाजून थांबला. काथ्याखाली धुरकट लाल रंग जरासा वर आल्यासारखा वाटला.

"तोंड दिसतंय का?" अक्कांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. "नाही अजून."

"मग घास की."